राखेचा हिशेब मांडणारे गोल्डश्मिट

कोराडी, खापरखेडा किंवा चंद्रपूरच्या वीज केंद्रांच्या आसपास राहणाऱ्यांना राख नवी नाही. पण दगडी कोळशाच्या या राखेत आर्सेनिक, शिसे, कॅडमियम येतात कुठून? ज्यांच्या कामातून याचे उत्तर मिळत गेले, ते व्हिक्टर गोल्डश्मिट राखेत विष शोधतच नव्हते. त्यांना हवे होते दुर्मीळ, उपयोगी धातू.

जन्म २७ जानेवारी १८८८ चा, झुरिकमधला. वडील रसायनशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्या नोकरीमुळे कुटुंब १९०१ मध्ये नॉर्वेला गेले आणि व्हिक्टर तिथलेच झाले. अवघ्या २६व्या वर्षी ते आजच्या ओस्लो शहरातल्या विद्यापीठात प्राध्यापक झाले. कोणते मूलद्रव्य पृथ्वीच्या पोटात कुठे आणि का जाऊन बसते, हा त्यांचा आयुष्यभराचा प्रश्न. मूलद्रव्यांची त्यांनी स्वभावानुसार विभागणी केली: काहींची ओढ लोखंडाकडे, काहींची खडकाकडे, तर काहींची गंधकाकडे. शिसे, कॅडमियम, पारा, आर्सेनिक ही सारी या शेवटच्या गटातली. कोळशात गंधक आणि लोह यांचे पायराइट नावाचे खनिज असते. आर्सेनिक बरेचदा त्यातच दडलेले सापडते, ते यामुळेच.

१९२९ मध्ये ते जर्मनीत ग्योटिंगेनला गेले. तिथे कोळशाची राख विद्युतज्योतीत तापवून तिच्या प्रकाशातल्या रेषांवरून ते मूलद्रव्ये ओळखू लागले. १९३० मध्ये त्यांना राखेत जर्मेनियम सापडले, पुढे इतरही दुर्मीळ मूलद्रव्ये. काहींचे प्रमाण साध्या खडकापेक्षा कितीतरी पट जास्त होते. त्यांच्या मते याचे एक कारण झाडे. मुळे खोलवरून ही द्रव्ये वर ओढतात, पानांबरोबर ती जमिनीवर पडतात आणि कुजलेल्या पाचोळ्यात पाणी त्यांना सहज धुऊन नेत नाही. कोळसा म्हणजे शेवटी गाडले गेलेले जंगलच!

उरलेले काम भट्टी करते. कार्बन जळून जातो, धातू बहुतांशी मागे राहतात. कोळशात दहा टक्के राख असेल, तर मागे राहणाऱ्या धातूचे प्रमाण राखेत सुमारे दहापट होते. आपल्या कोळशात राखच तीस-चाळीस टक्के असते. म्हणजे ही वाढ अडीच-तीन पटच, पण राखेचा ढीग तिप्पट-चौपट. त्यातही आर्सेनिक, कॅडमियम, शिसे उष्णतेने अंशतः वाफ होऊन थंड होताना सर्वांत बारीक कणांवर बसतात. नेमके हेच कण पकडायला अवघड, आणि श्वासात खोल जाणारे. पारा तर बराचसा धुराड्यातून वायुरूपातच निघून जातो.

गोल्डश्मिट ज्यू होते. ज्यूद्वेषी वातावरणामुळे १९३५ मध्ये राजीनामा देऊन ते ओस्लोला परतले. १९४० मध्ये जर्मन फौजा तिथेही पोहोचल्या. ते खिशात सायनाइड बाळगत. एका अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांनी आपल्यालाही थोडे मागितले, तेव्हा ते रसायनवाल्यांसाठी राखीव आहे, यंत्रवाल्यांनी दोर वापरावा, असे त्यांनी सुनावल्याचे सांगतात. १९४२ मध्ये त्यांना अटक झाली. २६ नोव्हेंबरला पाचशेहून अधिक ज्यूंना घेऊन ‘डोनाऊ’ जहाज ओस्लोहून निघाले. त्यांतले बहुतेक आउश्वित्झमध्ये संपले. गोल्डश्मिटना धक्क्यावरूनच मागे वळवण्यात आले, कारण त्यांचे ज्ञान उपयोगी ठरणार होते. पुढच्याच महिन्यात ते स्वीडनमध्ये निसटले आणि १९४३ मध्ये ब्रिटनला पोहोचले.

तिथे अॅबर्डीनच्या मृदा संशोधन संस्थेत त्यांना काम मिळाले. खडकांचा हा अभ्यासक आता शेताच्या मातीतली सूक्ष्म मूलद्रव्ये तपासू लागला. छावणीने प्रकृती मात्र कायमची ढासळली होती. १९४६ मध्ये ते ओस्लोला परतले आणि २० मार्च १९४७ रोजी, ५९व्या वर्षी वारले. भूरसायनशास्त्रावरचा त्यांचा मोठा ग्रंथ अपुरा राहिला. इतरांनी तो पूर्ण करून १९५४ मध्ये छापला.