वाटाण्याचे रोप
(द्वितीय वर्ष, कला)

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी आमच्या गॅलरीतल्या एका कुंडीत वाटाण्याचे चार दाणे पेरले. भाजीच्या आशेने नव्हे. त्याआधी महिनाभर आम्ही चौघेजण एक लघुपट काढायला निघालो होतो. पाचपाचशे रुपये वर्गणी काढली, कथा लिहिली, दोन दिवस चित्रण केले आणि तिसऱ्या दिवशी भांडलो. आमचा नायक परीक्षेचे कारण सांगून गेला तो परत आला नाही. दिव्यांच्या भाड्यात पैसे संपले. ज्याच्याकडून कॅमेरा मागून आणला होता त्याने तो परत मागितला. असे रिकामे हात घेऊन बसले असताना ग्रंथालयात दादासाहेब फाळके यांचे चरित्र हाती लागले, आणि त्यातल्या अर्ध्या पानाच्या मजकुराने मला कुंडीपर्यंत पोचवले.

फाळक्यांचे नाव आपणां सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे प्रश्नमंजूषेत उत्तर देण्यापुरते ठाऊक आहे. भारतीय चित्रपटाचे जनक, 'राजा हरिश्चंद्र', सन १९१३, पुढचा प्रश्न. (जाणकार मंडळी इथे सावेदादा भाटवडेकरांची आठवण काढतील, आणि ते योग्यच आहे. १८९९ मध्ये हँगिंग गार्डनवरची कुस्ती त्यांनी चित्रित केली होती.) परंतु फाळक्यांनी मुंबईत तयार केलेला पहिला चित्रपट 'राजा हरिश्चंद्र' नव्हे. त्याआधी वर्षभर त्यांनी एक चिमुकला पट काढला होता. त्यात नट नव्हते, पडदे नव्हते, पौराणिक कथा नव्हती. एक वाटाणा होता. तो रुजतो, कोंब फुटतो, रोप होते, एवढेच. 'अंकुराची वाढ' असे त्याचे नाव सांगतात.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवायला आले आणि कुटुंब मुंबईकर झाले. मुलाने पौरोहित्य किंवा अध्यापन पत्करावे असे घराण्याचे वळण असताना धुंडिराज १८८५ मध्ये जे. जे. कलाशाळेत दाखल झाले, आणि तेथून बडोद्याच्या कलाभवनात गेले. चित्रकला, छायाचित्रण, छपाईच्या प्रक्रिया, जे दिसेल ते शिकून घ्यायचे असा त्यांचा खाक्या. गोध्र्याला त्यांनी फोटोग्राफीचा धंदा मांडला. तेथे प्लेगने पहिली पत्नी आणि मूल नेले. पुढे ते जादूचे प्रयोगही करू लागले. आपले आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' असे नाव त्यांनी घेतले होते! १९०२ मध्ये दुसरा विवाह झाला, या सरस्वतीबाई. मग पुराणवस्तू खात्यातली नोकरी, तिचा राजीनामा, लोणावळ्याला छापखाना, राजा रविवर्म्यांच्या चित्रांच्या छपाईचे काम, १९०९ मध्ये यंत्रांसाठी जर्मनीची वारी, आणि परत आल्यावर भागीदारांशी बेबनाव. चाळिशी उलटलेला, अंगी दहा कला असलेला आणि हाती एकही धंदा नसलेला गृहस्थ, अशी १९११ सालची त्यांची स्थिती होती.

हे मी मुद्दाम सांगते आहे. आपल्याकडे थोरांची चरित्रे लिहिताना आधीचे प्रत्येक अपयश म्हणजे पुढल्या यशाची पायरी असे दाखवण्याची रीत आहे. प्रत्यक्षात त्या वेळी शेजाऱ्यापाजाऱ्यांना ती पायरी दिसली नसणार. त्यांना दिसला असेल तो एकही गोष्ट धड न टिकवणारा माणूस.

त्या वर्षी ईस्टरच्या सुमारास गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत असताना त्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले, ही कथा प्रसिद्ध आहे. मला तिच्यापेक्षा पुढचे महिने महत्त्वाचे वाटतात. फाळके रोज चार-चार, पाच-पाच तास चित्रपट पाहू लागले. स्वस्तातला कॅमेरा आणि फिल्मचे तुकडे आणून घरी खटपट करू लागले. झोप नाही, विश्रांती नाही. डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ दिसेनासे झाले. औषधोपचारांनी आणि तीन-चार चष्म्यांच्या साहाय्याने दृष्टी परत आली, तशी खटपटही परत सुरू झाली.

भांडवलासाठी त्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठले. ओळख कोणाची नाही. 'बायस्कोप' नावाचे सिनेमाचे साप्ताहिक ते वाचत असत. त्याच्या कचेरीत जाऊन ते संपादक केबर्न यांना भेटले. त्या भल्या माणसाने आधी त्यांना या फंदात न पडण्याचा सल्ला दिला, आणि ते ऐकत नाहीत असे पाहून सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थच्या वॉल्टन येथील स्टुडिओत फाळक्यांनी सगळी कामे जवळून पाहिली. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र आणि कच्च्या फिल्मची मागणी एवढा संसार मांडून ते १ एप्रिल १९१२ रोजी परतले.

आता गोष्ट वाटाण्याची. यंत्रे आली, विद्या आली, पैसा मात्र लंडनमध्येच संपला होता. मोठ्या चित्रपटाला सावकार हवा, आणि सावकाराला काहीतरी दाखवायला हवे. बोलून दाखवलेली कल्पना कोणी तारण म्हणून घेत नाही! म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा लावला, तिच्यासमोर कॅमेरा रोवला आणि महिन्याहून अधिक काळ थोडी थोडी फिल्म उघडत राहिले. पाहणाऱ्याला ते रोप डोळ्यांदेखत वाढताना दिसले. यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे यांनी हा पट पाहिला आणि कर्ज द्यायची तयारी दाखवली. अर्थात तारण घेऊनच.

दिवसाला एकच चित्र घेतले, असे सर्वत्र लिहिलेले आढळते. मी हिशेब करून पाहिला. मूकपट सेकंदाला साधारण सोळा चित्रांच्या गतीने धावत. रोज एक याप्रमाणे महिनाभरात तीस चित्रे होतात, म्हणजे दोन सेकंदांचाही खेळ नाही. प्रेक्षकाने मान वर करेपर्यंत रोप संपलेले! त्या काळच्या कॅमेऱ्याचा दांडा एकदा फिरवला की नेहमीच्या जोडणीत आठ चित्रे उमटत. तेव्हा त्यांनी दिवसातून अनेकदा चित्रे घेतली असली पाहिजेत, रात्रीचीही घेतली असतील, असा माझा तर्क आहे. हा तर्क खरा असेल तर कष्ट तीसपट होतात. उठता, बसता, जेवता त्या कुंडीकडे लक्ष. प्रकाश बदलायचा नाही, कुंडी हलायची नाही, कॅमेऱ्याला धक्का लागायचा नाही. आणि हे सगळे मुले नांदत्या घरात.

इथे सरस्वतीबाईंकडे यावे लागते. त्या वेळी येणाऱ्या कच्च्या फिल्मला कडेची भोके नसत. ती आपली आपण पाडायची, आणि तीही अंधारात, कारण उजेडाचा कवडसा लागला की फिल्म वाया. हे काम सरस्वतीबाई शिकल्या. फिल्म कॅमेऱ्यात भरणे, धुणे, हेही शिकल्या. दिवसा घरच्यांचा आणि नंतर कंपनीतल्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, रात्री काळोखात हाताच्या अंदाजाने भोके. त्यांचे दागिनेही या धंद्यात गेले. चरित्रकार येथे त्यांच्या त्यागाचा गौरव करून पुढे जातात. माझे मन तेवढ्यावर भरत नाही. त्यांना नाही म्हणता आले असते काय? विम्याची पॉलिसी म्हणजे नवऱ्याच्या मागे बायकामुलांच्या पोटाची तरतूद. ती गहाण पडताना त्यांना काय वाटले असेल? फाळक्यांबद्दल मला अपार आदर आहे, पण हा प्रश्न त्या आदराखाली दडपावा असे वाटत नाही. त्याचबरोबर हेही खरे की अंधारात बसून फिल्म हाताळणाऱ्या त्या बाईला मी केवळ सोशीक पत्नी म्हणणार नाही. त्या आपल्या चित्रपटव्यवसायातल्या पहिल्या तंत्रज्ञांपैकी एक होत्या.

'राजा हरिश्चंद्र'ची हकिगत सर्वांना माहीत असल्याने थोडक्यात आटोपते. दादरच्या बंगल्यातच स्टुडिओ उभा राहिला. त्र्यंबकचे जुने स्नेही तेलंग यांना कॅमेरा चालवायला शिकवले. तारामतीच्या कामाला एकही स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे साळुंके तारामती झाले. दाबके हरिश्चंद्र झाले, आणि रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. सिनेमात काम करतो म्हटले तर नातेवाईक तोंड फिरवत, म्हणून हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीला आहोत असे सांगा, अशी युक्ती नटांना शिकवलेली होती. सुमारे सात महिन्यांनी ३७०० फुटांचा चित्रपट तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. पुढचा इतिहास आहे.

पण त्या इतिहासातही लहान पट सुटले नाहीत, आणि हे मला चरित्र वाचेपर्यंत ठाऊक नव्हते. नाशिकला मुक्काम हलवल्यावर 'मोहिनी भस्मासुर' काढला, त्याला जोड म्हणून 'पिठाचे पंजे' हा विनोदी छोटा पट होता. १९१४ मध्ये आपले चित्रपट घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. तिथे राहून चित्रपट काढण्यासाठी त्यांना बोलावणे आले होते. ते नाकारून ते परतले, आणि महायुद्ध पेटले. कच्ची फिल्म मिळेना, सावकारांनी हात आखडले. अशा काळात त्यांनी जे छोटे पट केले त्यात 'आगकाड्यांची मौज' आहे. काड्यापेटीतल्या काड्या एकेक करून हलवायच्या आणि प्रत्येक हालचालीचे चित्र घ्यायचे, की काड्या आपोआप नाचू लागतात. कर्जाने वेढलेला माणूस टेबलावर आगकाड्या मांडून बसला आहे, हे चित्र मला 'लंकादहना'च्या वेळी बैलगाडीतून नेलेल्या नाण्यांच्या थैल्यांपेक्षा जास्त आवडते. 'चित्रपट कसे तयार करतात' या नावाचाही एक पट त्यांनी काढला. त्यात स्वतः फाळके काम करताना दिसतात. त्याचा उरलेला तुकडा मी पाहिला आहे. त्यांचे हात फार चपळ आहेत, जादूगाराचे शोभतील असे.

१९१७ चे 'लंकादहन' तुफान चालले. १९१८ मध्ये भागीदारीत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, 'श्रीकृष्णजन्म' आला, 'कालियामर्दन' आला. त्यात मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली होती. मग पुन्हा भागीदारांशी न पटणे. कंपनी सोडून ते काशीला गेले, तेथे नाटक लिहिले, काही वर्षांनी परत आले. बोलपट आल्यावर त्यांचा काळ ओसरला. १९३७ चा 'गंगावतरण' हा कोल्हापुरात केलेला त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून दिला जातो. त्यांच्या बहुतेक चित्रपटांच्या मात्र प्रती राहिल्या नाहीत. 'राजा हरिश्चंद्र'चा काही भाग, 'कालियामर्दन'चा बराचसा, असे थोडे वाचले आहे. वाटाण्याचा पट आज पाहायला मिळत नाही.

म्हणून तो करून पाहावा असे मला वाटले. कॅमेरा म्हणजे माझाच जुना फोन. विटांच्या चवड्यावर तो दोरीने बांधला आणि दिवसाला सहा याप्रमाणे अडतीस दिवस चित्रे घेतली. पहिले आठ दिवस नुसती माती. तेवढ्या दिवसांत मी तीनदा कुंडी उकरून पाहिली, आणि त्या जागी पटात माती उगाचच उसळी मारते. मध्ये मला चार दिवस परगावी जावे लागले. या सगळ्या उद्योगाला आई पहिल्यापासून नावे ठेवत होती. पदवीच्या वर्षांत हे काय, असा तिचा सूर, आणि बुडालेल्या पाचशे रुपयांचा उल्लेख रोजचा. परत आले तो तिने एकही वेळ चुकवली नव्हती. चार दिवसांची चोवीस चित्रे. त्यांतल्या दोनांत तिचा अंगठा आला आहे.

एकूण २२८ चित्रे झाली. सेकंदाला सोळा या हिशेबाने चौदा सेकंद. त्यात प्रकाश सारखा लुकलुकतो, उकरलेली माती उडते, अंगठा येतो आणि जातो. पण रोप उठते. वळत, चाचपत, दोरीला आपला तंतू गुंडाळत ते वर चढते. माझ्या तिघा मित्रांना मी ते दाखवले. दोघांनी पुन्हा लाव म्हटले. आमचा पळालेला नायक काहीच बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी त्याने आपल्याकडची पटकथेची वही आणून दिली. दिव्यांच्या भाड्याचा हिशेब अजून मिटलेला नाही. अंगठ्याची दोन चित्रे काढून टाकू का, असे मी आईला विचारले. ती नको म्हणाली.