बुगाटीच्या तोंडावरची नाल

बुगाटी समोरून पाहिली की आधी दिसते ती घोड्याच्या नालेसारखी जाळी. गाडीला हे तोंड देणारे एत्तोरे बुगाटी 15 सप्टेंबर 1881 रोजी इटलीत, मिलानला जन्मले. वडील कार्लो नावाजलेले फर्निचर-कलावंत, धाकटा भाऊ रेम्ब्रांट शिल्पकार. एत्तोरे मात्र यंत्रात रमले.

1909 मध्ये अल्सास प्रांतातल्या मोल्सहाइम गावात, एका बंद पडलेल्या रंगाईच्या कारखान्यात त्यांनी स्वतःचा धंदा मांडला. तेव्हा तिथे जर्मनीचं राज्य होतं. पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सचं आलं, 1940 मध्ये पुन्हा जर्मन आले. गाव जागेवरच, सीमा तेवढी हलली. आपल्या भागात हे वेगळं सांगायला नको.

त्या काळी इंजिनाचं पाणी थंड करणारा रेडिएटर उघडाच समोर असायचा, त्यामुळे त्याचा आकार हाच गाडीचा चेहरा. बुगाटीच्या सुरुवातीच्या गाड्यांना नाल नव्हती. आधी कोनदार, मग नासपतीसारखा रेडिएटर आला. नाल खरी ठसली ती 1924 च्या टाइप 35 वर. ल्याँच्या पहिल्या शर्यतीत टायरांनी दगा दिला. पण 1925 पासून सलग पाच वर्षं सिसिलीतली टार्गा फ्लोरिओ बुगाटीनेच जिंकली. एत्तोरेंना घोड्यांचं वेड, म्हणून नाल, असं सांगतात. कार्लोंच्या फर्निचरमधल्या कमानी पाहिल्या तर मला ती घरातूनच आली असावी असं वाटतं.

पुढे रोयाल ही 12.7 लिटर इंजिनाची अवाढव्य गाडी काढली. मंदीत सहाच बनल्या, गिऱ्हाइकं मिळाली तिघांनाच. मग तीच इंजिनं रेल्वेच्या डब्यांना बसवली!

मुलगा ज्याँ याच्या हाताखाली टाइप 57 आली. 57 एसमध्ये नाल खाली उतरली, मधोमध टोकदार झाली. 11 ऑगस्ट 1939 रोजी गाडीची चाचणी घेताना, सायकलवाल्याला वाचवायला गेलेला ज्याँ झाडावर आदळून गेला. वय 30.

युद्धात जर्मनांनी कारखाना विकायला लावला. युद्ध संपल्यावर फ्रेंच सरकारने तो जप्त केला, कारण एत्तोरे कागदोपत्री इटालियन. कोर्टकचेरी झाली. 1947 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्याच वर्षी 21 ऑगस्टला ते पॅरिसमध्ये वारले. मोल्सहाइमजवळ दोर्लिसहाइमला, ज्याँ जिथे आहे तिथेच त्यांना पुरलं.