रुंद रुळांचे इंजिनकार डॅनियल गूच

डॅनियल गूच यांचा जन्म २४ ऑगस्ट १८१६ रोजी इंग्लंडमधील बेडलिंग्टन येथे झाला. १८३७ साली, वयाची एकविशी पूर्ण होण्याआधीच, अभियंता ब्रुनेल यांनी त्यांना ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या इंजिन विभागाचे प्रमुख नेमले. या रेल्वेच्या रुळांमधील अंतर सात फूट होते. इतरत्र ते चार फूट साडेआठ इंच असे. बाहेरच्या कारखान्यांतून आलेली आरंभीची बहुतेक इंजिने वारंवार बिघडत. गूच यांनी ती कशीबशी चालती ठेवली आणि १८४० मध्ये स्वतःच्या आराखड्याचे ‘फायरफ्लाय’ रुळांवर आणले. १८४५ च्या चाचण्यांत त्याच वर्गातील ‘इक्सायन’ने अरुंद रुळांवरील प्रतिस्पर्ध्यांना वेगात मागे टाकले. तरीही १८४६ च्या कायद्याने नव्या मार्गांसाठी अरुंद रूळच सर्वसाधारण ठरवले, कारण देशभर त्यांचेच जाळे मोठे होते. गूच थांबले नाहीत. १८४७ मध्ये स्विंडनच्या कारखान्यातून आठ फूट व्यासाच्या चालक चाकांचे ‘आयर्न ड्यूक’ बाहेर पडले. पुढे त्याच कंपनीचे अध्यक्ष असताना रुंद मार्ग एकामागून एक अरुंद होताना त्यांना पाहावे लागले. १५ ऑक्टोबर १८८९ रोजी त्यांचे निधन झाले. मे १८९२ मध्ये उरलेले रुंद रूळही उखडले गेले.