इंजिनाचा श्वास मोकळा करणारा कारागीर

मोटारीच्या इंजिनाला इंधन लागते, हे सर्वांना ठाऊक असते. त्याला हवाही तितकीच लागते, याचे भान थोड्यांनाच असते. कारखान्याने दिलेला हवेचा मार्ग काढून त्या जागी बाजारातील अधिक मोकळा मार्ग बसविण्याची हौस आज जगभर दिसते. या हौसेला शास्त्राची शिस्त लावणाऱ्यांत व्हिक एडेलब्रॉक यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल.

त्यांचा जन्म १९१३ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या युडोरा या छोट्या गावी झाला. कुटुंबाचे किराणा दुकान १९२७ मध्ये आगीत भस्मसात झाले आणि चौदाव्या वर्षी त्यांची शाळा सुटली. घराला हातभार लावण्यासाठी सुरू केलेली मोटारदुरुस्ती हेच पुढे त्यांचे जीवितकार्य ठरले. महामंदीच्या काळात, १९३१ मध्ये, ते कॅलिफोर्नियात आले. १९३३ मध्ये त्यांचा विवाह झाला आणि त्याच सुमारास त्यांनी गॅरेजही थाटले.

१९३८ मध्ये त्यांनी १९३२ च्या बनावटीची फोर्ड रोडस्टर खरेदी केली. आठवडाभर हीच गाडी रोजच्या वापरात असे आणि सुटीच्या दिवशी मडगार्ड व काच उतरवून ती कोरड्या सरोवराच्या सपाट तळावर शर्यतीत धावे. तिच्या आठ सिलिंडरच्या इंजिनाची मूळ ताकद ६५ अश्वशक्ती. ती वाढवायची, तर सिलिंडरांपर्यंत हवा व इंधनाचे मिश्रण पोहोचविणारा इनटेक मॅनिफोल्ड बदलणे अटळ होते. टॉमी थिकस्टन यांच्यासह त्यांनी एका मॅनिफोल्डवर काम केले; परंतु त्याच्या कामगिरीने त्यांचे समाधान झाले नाही. जे मिळते त्यावर निभावून नेण्याऐवजी त्यांनी दोन कार्ब्युरेटर बसणारा स्वतःचा मॅनिफोल्ड घडविला. एकापाठोपाठ पेटणाऱ्या सिलिंडरांनी एकमेकांच्या वाट्याचे मिश्रण ओढू नये, अशी त्याची रचना होती. त्याचे नाव ‘स्लिंगशॉट’, म्हणजे बेचकी.

१६ नोव्हेंबर १९४१ रोजी रोझामंड येथे त्यांच्या रोडस्टरने ताशी १२१.४५ मैल, म्हणजे सुमारे १९५ किलोमीटरचा वेग गाठला. अवघ्या तीन आठवड्यांनी अमेरिका महायुद्धात उतरली आणि शर्यती थांबल्या. युद्धकाळ त्यांनी लाँग बीचच्या जहाजबांधणी गोदीत वेल्डिंग आदी कामे करण्यात घालविला. १९४६ मध्ये आपल्या सुट्या भागांची पहिली सूचिपुस्तिका काढून त्यांनी नव्याने सुरुवात केली.

पुढे इंजिनाची ताकद मोजणारे डायनामोमीटर त्यांनी कारखान्यातच बसविले. हा निर्णय फार मोलाचा होता. हवेचा मार्ग नुसता रुंद केला, तर कमी फेऱ्यांवर हवेचा वेग मंदावतो आणि गाडी सुस्तावते. हवेच्या प्रमाणात इंधन मिळाले नाही, तर इंजिनाचेच नुकसान होते. आवाज चढला म्हणजे ताकद वाढली, असे मुळीच नव्हे. कोणता भाग उपयोगाचा, हे मोजमापानेच ठरते.

कर्करोगाने १९६२ मध्ये एडेलब्रॉक यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनी वयाची पन्नाशीही गाठली नव्हती. व्यवसायाची धुरा सव्वीस वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर आली आणि त्याने ती समर्थपणे पेलली. आपल्या गाडीसाठी चकचकीत इनटेक निवडायला निघालेल्या आजच्या तरुणाने एडेलब्रॉक यांचा एवढा एक धडा गिरवला तरी पुरे: आधी मोजावे, मग बदलावे.