कुर्ल्याची गिरणी

जमशेटजी टाटांचे नाव घेतले की आपल्या डोळ्यांपुढे जमशेदपूरची पोलादभट्टी, बंगळूरची विज्ञानसंस्था आणि मुंबईचे ताजमहाल हॉटेल उभे राहते. शाळेच्या पुस्तकात मीही एवढेच वाचले होते. या वर्षी अर्थशास्त्राच्या निबंधासाठी त्यांचे चरित्र पुन्हा वाचायला घेतले आणि मधल्याच एका प्रकरणापाशी अडकून पडलो. ते प्रकरण एका मोडकळीला आलेल्या गिरणीच्या खरेदीचे आहे. तिथे का अडकलो, हे सांगायचे तर आधी माझ्या मामांविषयी सांगायला हवे.

मामा इचलकरंजीला असतात. चार वर्षांपूर्वी त्यांनी एका बंद पडलेल्या कारखान्यातले आठ माग विकत घेतले. माग नव्याने रंगवलेले होते. विकणाऱ्याने ते पंधरा मिनिटे चालवूनही दाखवले. पण त्यावर बीम चढवलेला नव्हता आणि धोट्यात कांडी नव्हती. मोकळा माग काय, कोणताही चालतो! भाव मात्र बाजाराच्या निम्मा. मामींच्या पाटल्या गहाण पडल्या आणि माग घरी आले. सूत लावल्यावर एकेक गोष्ट उघडी पडू लागली. शाफ्ट झिजलेले, बेअरिंगे खिळखिळी, आणि एका चौकटीला रंगाखाली झाकलेला तडा. कापडात पट्टे पडू लागले, व्यापारी माल परत पाठवू लागला. मी तेव्हा अकरावीत होतो. आजोळच्या ओसरीवर बसून मामा रात्री उशिरापर्यंत दुरुस्तीचा हिशेब मांडत आणि मी मनातल्या मनात त्यांना अडाणी ठरवत असे.

जमशेटजी काही अडाणी नव्हते. ३ मार्च १८३९ रोजी नवसारीला पारशी धर्मगुरूंच्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. वडील नसरवानजी घराण्याचा मार्ग सोडून मुंबईला व्यापारात शिरले होते. जमशेटजींनी एल्फिन्स्टन कॉलेजातून १८५८ मध्ये शिक्षण पुरे केले, वडिलांच्या पेढीत उमेदवारी केली आणि १८६८ साली २१ हजार रुपयांच्या भांडवलावर स्वतःची पेढी काढली. दुसऱ्याच वर्षी त्यांनी चिंचपोकळीला दिवाळे निघालेली एक तेलाची गिरणी विकत घेतली. तिची त्यांनी कापसाची गिरणी केली, तिला अलेक्झांड्रा असे नाव दिले आणि दोन वर्षांत नफ्याने विकून टाकली. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तेल गाळण्याच्या यंत्रावर सूत कातता येत नाही. म्हणजे त्यांनी जुने घेतले ते मुख्यतः जागा आणि इमारत. कातणीची यंत्रे वेगळी आणावीच लागली असणार.

त्यानंतर ते लँकेशायरला गेले, तिथला धंदा पाहिला आणि नागपूरला एम्प्रेस गिरणी उभारली. भोवती कापसाचा मुलूख, वरोऱ्याचा कोळसा आणि हाताशी रेल्वे, असा पूर्ण विचार त्यामागे होता. १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. तिथेही प्रारंभी स्वस्त यंत्रे घेतल्याचा फटका बसला, माल हलका निघाला. जमशेटजींनी ती यंत्रे बदलून चांगली आणली. पुढे नव्या पद्धतीच्या रिंग साच्यांची वार्ता आली, तेव्हा लँकेशायरचा भर जुन्या म्यूलवर असतानाही त्यांनी आधी थोडे साचे आणून चालवून पाहिले आणि खात्री पटल्यावरच ते वाढवले. नवे यंत्र पारखण्याची त्यांची ही रीत होती.

असा माणूस १८८६ साली कुर्ल्याच्या धरमसी गिरणीपाशी आला. गिरणी प्रचंड, मुंबईला लागून, आणि साडेबारा लाख रुपयांत मिळत होती. आकाराच्या मानाने हे मोल फारच थोडे होते. ती त्यांनी घेतली आणि तिचे नाव स्वदेशी ठेवले. नंतर कळले ते असे, की यंत्रे जुनाट आणि मोडकी होती आणि त्यांवर चांगला माल निघणे कठीण होते. मालाविषयी तक्रारी येऊ लागल्या, शेअरचा भाव घसरला, दुरुस्तीत पैसा जिरू लागला. कर्जासाठी बँकेचे दार ठोठावले तर तेही उघडेना. शेवटी कुटुंबासाठी करून ठेवलेला विश्वस्तनिधी मोडून आणि एम्प्रेसचे काही शेअर विकून त्यांनी पैसा उभा केला. एम्प्रेसमधली जाणती माणसे कुर्ल्याला आणली, निकामी यंत्रे काढून नवी बसवली. काही वर्षांनी स्वदेशीच्या मालाने बाजारात नाव मिळवले. पण त्या काही वर्षांत घरची पुंजी आणि जन्मभर मिळवलेली पत, दोन्ही पणाला लागली होती.

हे वाचताना मला मामींच्या पाटल्या आठवल्या. विश्वस्तनिधी आणि पाटल्या यांत रकमेचे अंतर मोठे. रात्रीची झोप मात्र दोघांचीही सारखीच उडाली असेल.

मग चूक कुठे झाली? मला वाटते, चिंचपोकळीच्या यशाने जुन्या गिरणीविषयीचा धाक कमी केला असावा. कुर्ल्याला यंत्रांसकट चालती गिरणी घ्यायची होती, आणि तिथे साडेबारा लाख हा खर्चाचा केवळ पहिला हप्ता होता. बॉयलर किती वर्षांचा, चात्या किती झिजलेल्या, पाया खचला आहे का, मागच्या मालकाने दुरुस्ती किती वर्षे पुढे ढकलली, कसबी कामगार टिकून आहेत का, हे मोजून त्याचा खर्च मोलात मिळवला तरच खरा भाव कळतो. आजकाल कारखाना घेण्यापूर्वी अभियंत्यांकडून अशी तपासणी करून घेतात. पूर्वीच्या मालकाने टाळलेला खर्च नव्या मालकाच्या खात्यावर चढतोच.

आश्चर्य असे, की लोखंडाच्या बाबतीत जमशेटजींना हा धडा आधीच ठाऊक होता. १८८२ साली चांदा जिल्ह्यातील लोखंडाविषयी फॉन श्वार्त्झ या तज्ज्ञाचा अहवाल त्यांनी वाचला होता. खनिज उत्तम, पण वरोऱ्याचा कोळसा भट्टीच्या कामाचा ठरेना. सरकारी अटीही जाचक. त्यांनी विचार तेव्हापुरता बाजूला ठेवला. कुर्ल्याच्या अनुभवानंतर तर ही सावधगिरी पक्कीच झाली असावी. १९०२ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि चार्ल्स पेज पेरिन या अभियंत्याला भेटले. भट्टीच्या आधी शोध, असे ठरले. पेरिनने आपला सहकारी वेल्ड याला पाठवले. चांद्याच्या उन्हात जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी त्याच्याबरोबर हिंडले. तिथे पुरेसे लोखंड आणि योग्य कोळसा यांची सांगड बसेना, तेव्हा एवढ्या वर्षांचे मनोराज्य असूनही चांदा सोडून देण्यात आला. नंतर दल्ली-राजहराचे डोंगर सापडले; ते लोखंड पुढे भिलाईच्या कामी आले. १९०४ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांच्या पत्राने मयूरभंजची वाट दाखवली आणि साकचीचा कारखाना उभा राहिला.

जमशेटजींनी तो पाहिला नाही. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचे निधन झाले. साकचीला पहिले पोलाद १९१२ साली निघाले. कुर्ल्याची आणि नागपूरची गिरणी तर आता बंद पडली आहे.

पण माझ्यापुरती ती कुर्ल्याची गिरणी मोलाची ठरली. गेल्या दिवाळीत मामांना आणखी चार जुने माग स्वस्तात मिळत होते. त्यांनी मला बरोबर घेतले, शिवाय गावातला एक म्हातारा जॉबर. मामांनी स्वखर्चाने सूत नेले, बीम चढवायला लावला आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत माग चालवून पाहिले. जॉबरने चौकटींवरचा रंग नखाने खरवडला. मी वहीत दुरुस्तीची यादी लिहीत गेलो आणि शेवटी बेरीज केली. मामांनी ती दोनदा वाचली, विकणाऱ्याला नमस्कार केला आणि आम्ही रिकाम्या हातांनी परत आलो. वाटेत त्यांना मी जमशेटजींची ही हकीकत सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. घर जवळ आले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, की मग ती कुर्ल्याची गिरणी त्यांनी विकली की सुधारली? सुधारली, असे मी म्हणालो. मामांनी मान हलवली आणि आत जाऊन ते आपल्या आठ मागांना तेल घालू लागले.