डॉ. द्वारकानाथ कोटणीस : डॉक्टर आणि गुरुजी



डॉ. कोटणीसांचं नाव काढलं की मुलं दोन गोष्टी पटकन सांगतात. ते चीनला गेले आणि त्यांनी ७२ तास न थांबता ऑपरेशनं केली. दोन्ही खरंच आहे. पण तिथे त्यांनी वर्गही घेतले, नवे डॉक्टर आणि परिचारक तयार केले, हे आपण मुलांना सांगतच नाही. मला स्वतःला तोच भाग जास्त मोठा वाटतो, म्हणून आज त्याबद्दल.

द्वारकानाथांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूरला झाला. घरची परिस्थिती ओढाताणीची. तरी मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. पुढच्या शिक्षणाची तयारी चालू होती. तेवढ्यात १९३८ साल आलं. जपानने चीनवर हल्ला केला होता. चिनी सेनापती झू द यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टर पाठवायची विनंती केली. तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषबाबू. त्यांनी देशभर निधी गोळा करवला आणि पाच डॉक्टरांचं पथक निघालं. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि आपले कोटणीस. वय फक्त २७! आपण स्वतः गुलाम असताना दुसऱ्या देशाला डॉक्टर पाठवले, हे मुलांना जरूर सांगा.

चीनमध्ये असतानाच वडील गेल्याची बातमी त्यांना कळली. घरी कर्ज, मागे आई आणि भावंडं. परत यायला कुणी नको म्हटलं नसतं. ते थांबले. हा निर्णय बरोबर की चूक, हे मी वर्गात सांगत नाही. मुलांनाच विचारते. सातवीच्या मुलांमध्ये यावरून चांगली जुंपते. तुम्हीही विचारून बघा.

१९३९ च्या सुरुवातीला ते येनानला पोचले आणि नंतर वुताई डोंगराच्या भागात, अगदी लढाईच्या तोंडावर गेले. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून यांनी त्याच भागात काम केलं होतं. जखमीवर ऑपरेशन करताना बोट कापलं, जखम चिघळली आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते वारले. त्यांच्या नावाने दवाखाना आणि वैद्यकीय शाळा चालू लागली. जानेवारी १९४१ मध्ये त्या बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुख म्हणून कोटणीसांना नेमलं. कॅनडाच्या माणसाने घातलेला पाया आणि सोलापूरच्या माणसाने पुढे नेलेलं काम. शिकणारे कोण, तर खेड्यातून सैन्यात आलेले चिनी तरुण. जखम बांधायचं काम आधीपासून करणारे, पण त्यामागचं शास्त्र न शिकलेले.

आता शिकवायचं कोणत्या भाषेत? दुभाषा घेऊन शस्त्रक्रिया शिकवता येते का? कोटणीसांनी चिनी शिकून घेतली, बोलायलाही आणि लिहायलाही. मग त्याच भाषेत धडे दिले, त्याच भाषेत शस्त्रक्रियेचं पाठ्यपुस्तक लिहायला घेतलं. आपल्या रत्नागिरीत आंब्याच्या बागांवर राखणीला येणाऱ्या नेपाळी कुटुंबांची मुलं आपल्याच शाळांत बसतात. त्यांच्या भाषेतले दहा शब्द तरी मला येतात का, असा प्रश्न मला हे वाचताना पडला. उत्तर काही अभिमानाने सांगण्यासारखं नव्हतं.

तिथेच नर्सिंग शिकवणाऱ्या गुओ छिंगलान यांच्याशी १९४१ मध्ये त्यांनी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

दगदग, अपुरं खाणं आणि कडाक्याची थंडी यांनी त्यांची तब्येत खालावत गेली होती. त्यांना फिट्स येत असत, पण काम सोडायला ते तयार झाले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते गेले. वय ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा. बाकीचे चौघे भारतात परतले, म्हणून ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्या 'न परतलेल्या' डॉक्टरवर पुस्तक लिहिलं आणि त्यावरून १९४६ मध्ये व्ही. शांतारामांनी सिनेमा काढला. जुने पालक असतील तर त्यांना 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' नक्की आठवेल.

यिनहुआही वैद्यकीय शिक्षण घेत होता, पण १९६७ मध्ये ते पूर्ण होण्याआधीच तो वारला. गुओ छिंगलान मात्र २०१२ पर्यंत होत्या आणि सोलापूरच्या सासरच्या माणसांशी त्यांनी नातं शेवटपर्यंत जपलं. कोटणीसांचं सोलापुरातलं घर आता स्मारक आहे, सहल त्या बाजूला गेली तर दाखवून आणा. आणि चीनमधल्या शिजियाझुआंग शहरात त्यांच्या चिनी नावाची, म्हणजे 'के दिहुआ' या नावाची, वैद्यकीय शाळा आहे. तिथे आजही आरोग्यसेवेत जाणारी मुलंमुली शिकतात.