निवडुंगाच्या माळावर बारमाही काम उभं करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर

पलूस तालुक्यातील किर्लोस्करवाडी आज सगळ्यांना माहीत आहे. पण 1910 साली तिथे नुसता माळ होता. निवडुंग, दगडधोंडे आणि सापांचा सुळसुळाट. औंध संस्थानातल्या कुंडल गावाजवळची ही 32 एकर जागा फुकट दिली तरी कोणी घेतली नसती. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांनी ती घेतली.

लक्ष्मणरावांचा जन्म 1869 साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईला जे. जे. कलाशाळेत गेले, पण काही रंगांतला फरक डोळ्यांना कळत नाही हे लक्षात आलं आणि ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. बढतीच्या वेळी त्यांना डावलून दुसऱ्याला जागा मिळाली, तेव्हा नोकरी सोडून थेट बेळगाव गाठलं. तिथे भावाबरोबर सायकलचं दुकान चालवलं, कडबा कापायची यंत्रं केली, मग लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमिनीला विष बाधतं असा शेतकऱ्यांचा समज. पहिला नांगर विकायलाच दोन वर्षं गेली!

बेळगावची जागा नगरपालिकेला हवी होती, त्यामुळे कारखाना हलवण्याची पाळी आली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी माळाची जागा दिली, शिवाय दहा हजार रुपये बिनव्याजी दिले.

खरा प्रश्न माणसांचा होता. त्या आडरानात शिकलेला कारागीर कुठून येणार? लक्ष्मणरावांनी आसपासच्या खेड्यांतली, नांगर धरणारी, मोलमजुरी करणारी माणसं घेतली आणि त्यांनाच ओतकाम, सुतारकाम, फिटरचं काम शिकवलं. तुरुंगातून सुटून आलेल्यांनाही त्यांनी कामावर घेतलं, एवढंच नाही तर राखणीचं कामही विश्वासाने दिलं. गावात ज्याला कोणी उंबऱ्याजवळ उभं करत नव्हतं, त्याला इथे हजेरीपटावर नाव मिळालं. वस्तीत शिवाशिव पाळायची नाही, हाही त्यांचा दंडक होता. त्या काळात हे बोलणं सोपं, चालवून दाखवणं अवघड.

या पट्ट्यात तेव्हा सगळं पावसावर. पाऊस हुकला की मजुराच्या घरची चूल थंड. कारखान्याचं काम मात्र आभाळाकडे बघत नव्हतं. म्हणून भट्टी विझू न देणं ही लक्ष्मणरावांच्या दृष्टीने नुसती धंद्याची बाब राहिली नाही. पहिल्या महायुद्धात बाहेरून येणारं लोखंड मिळेनासं झालं, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले आणि काम चालू राहिलं. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं, पंप असा माल निघू लागला. गिऱ्हाईक शेतकरीच, त्यामुळे कामगार जे बनवी ते त्याच्याच भावकीच्या रानात चाले.

कामगारांसाठी घरं, पाणी, शाळा, रस्ते यांची सोय हळूहळू झाली. तिची देखरेख करण्यात त्यांचे बंधू रामूअण्णा यांचा मोठा वाटा होता. घरही मालकाचं, कामही मालकाचं, अशी वस्ती एकाच माणसाच्या मर्जीवर चालते, हा धोका त्यात होताच. मालक भला निघाला हे कामगारांचं नशीब म्हणावं लागेल. तरी जिथे सावकाराशिवाय दुसरा आधार नव्हता, तिथे माणसाच्या हातात हुन्नर आला. तो नोकरी सुटली तरी कोणी काढून घेऊ शकत नव्हतं.

1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच साली शंकरराव किर्लोस्कर यांनी किर्लोस्कर खबर हे मासिक सुरू केलं. पुढे हरिहर आणि बंगळूर येथेही कारखाने निघाले.

लक्ष्मणरावांचं निधन 26 सप्टेंबर 1956 रोजी झालं. ज्या रेल्वे स्टेशनावर ते पहिल्यांदा यंत्रं उतरवून घेत, त्याचं नाव तेव्हा कुंडल रोड होतं. आता तिथल्या पाटीवर किर्लोस्करवाडी असं लिहिलेलं आहे आणि कारखान्यात आजही पंप तयार होतात.